भिंत आणि पत्र्यामधली फट

१२ जानेवारी २०२५ च्या पहाटे बंगळूरच्या चामराजपेटमध्ये तीन गायींच्या कासेवर वार झालेले आढळले. ते काम माणसाचं होतं आणि पोलिसांनी एकाला अटकही केली. पण ती बातमी वाचल्यापासून एकच प्रश्न मनात घोळतोय. रात्री आपली जनावरं असतात कुठे? मोठ्या गायीची ही गत, तर चार दिवसांच्या वासराचं काय?

बंगळूरच्या दाट वस्तीत बिबट्याची भीती कमी, मोकाट कुत्र्यांची जास्त. गाय रात्री व्याली की वारेच्या वासानं कुत्री गोळा होतात. वासरू अजून ओलं असतं, पायावर उभं राहत नसतं आणि गाय दाव्याला बांधलेली असते. तिनं शिंग उगारलं तरी दावं पुरत नाही. म्हणून व्यायला आलेली गाय बंद जागेत मोकळी ठेवा. वार पडली की ती लगेच चुना घालून खोल पुरा. सकाळवर टाकू नका.

जुन्नर, आंबेगाव, शिरूरच्या उसाच्या पट्ट्यात वैरी वेगळा, पण चूक तीच. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याची विष्ठा तपासून त्याचा आहार शोधला. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट. तरीही बिबट्याच्या पोटात वजनाच्या हिशेबानं कुत्री ३९ टक्के निघाली आणि शेळ्या फक्त ११ टक्के. अभ्यासकांनी दिलेलं कारण साधं आहे: शेळ्यांना राखण असते, रात्री त्या आत घेतल्या जातात, कुत्री उघड्यावर असतात. आपल्या धंद्यासाठी याहून मोलाचा आकडा माझ्या वाचनात नाही. बिबट्या हाताला लागेल ते उचलतो. ते हाताला लागू द्यायचं की नाही, हे बऱ्याच अंशी आपल्याच हातात आहे.

असे बरेच गोठे मी पाहिलेत. खाली विटांची पक्की भिंत, वर पत्रा आणि दोहोंच्या मध्ये हवेसाठी सोडलेली दोन-अडीच वितींची फट. मालक अभिमानानं दाराचं कुलूप दाखवतो, पण बिबट्या बहुधा दारातून येत नाही. तो भिंतीवर चढतो आणि त्या फटीतून आत उतरतो. कोंडलेली करडं सैरावैरा धावू लागली की एकावर थांबतही नाही. हवा हवीच, पण त्या फटीला जाड तारेची जाळी ठोका. लडाखमध्ये हिमबिबट्यापासून मेंढ्या वाचवायला उघड्या दगडी वाड्यांवर जाळीचं छप्पर घातलं गेलं, तेही याच कारणानं. भिंतीऐवजी जाळी असेल तिथे ती हातभर जमिनीत गाडा, नाहीतर कुत्री उकरून आत येतात. दाराला तारेचा आकडा नको, आडवा अडसर हवा. लहान पिल्लांना आतल्या बाजूला वेगळा कप्पा करा. वाघरीच्या जाळीआत कोकरं डालग्याखाली झाकणाऱ्या धनगराला हे कुणी शिकवावं लागलं नाही.

जनावर गेलं की गाव पिंजरा मागतं. तो राग मला कळतो; करडू गेलेल्या घरातल्या बाईचं रडणं मी ऐकलंय. पण एक बिबट्या नेला तर त्याची जागा दुसरा घेतो. जुन्नरमध्ये २००१ च्या सुमारास पकडलेले बिबटे दुसरीकडे नेऊन सोडल्यावर माणसांवरचे हल्ले वाढले, हेही अत्रेय यांच्याच अभ्यासातून पुढे आलं. नुकसानभरपाई जरूर मागा, तो तुमचा हक्क आहे. त्यासाठी वनखात्याचा पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका. पण त्या पैशातून दुसरं करडू आणून त्याच फटीखाली बांधणार असाल, तर ते आणूच नका.

आता ऊसतोड सुरू होईल. फड मोकळे झाले की पिल्लं घेऊन बसलेल्या माद्या वस्तीच्या कडेला सरकतील, आणि नेमक्या याच दिवसांत कितीतरी गोठ्यांत शेळ्या व्यायला आलेल्या असतील. जाळीचं आणि जोडाऱ्याच्या मजुरीचं मिळून जे होईल ते एका करडाच्या किमतीशी ताडून पाहा, आणि तोड तुमच्या शिवारात पोचण्याआधी जोडारी बोलवा.