पाण्यावरचा संसार : जूनच्या आधी



गेल्या दोन अंकांनंतर जी पत्रे आली त्यांत एक प्रश्न फिरून फिरून आला आहे. एका भगिनीने तो अगदी सरळ विचारला : "शिडाच्या बोटीवर राहता हे समजले, पण दिवसभर करता काय?" रत्नागिरीहून फोन येतो तेव्हा घरचेही हेच विचारतात. आम्ही सवयीने "काही नाही, बसलोय" म्हणतो आणि ते मुळीच खरे नसते. म्हणून यावेळी प्रवासाचे वर्णन बाजूला ठेवून एका साध्या दिवसाबद्दल लिहितो. त्यातूनच पुढे जूनचा विषय निघेल. सध्या आमच्या घरात, म्हणजे या अडतीस फुटांत, दुसरे बोलणेच नाही.

आम्ही ग्रेनाडा बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर एका खाडीत नांगर टाकून आहोत. बोट जुनी, फायबरची. आत एक शेगडी, एक टेबल, झोपायच्या दोन जागा आणि जिथे हात घालाल तिथे एक कप्पा. आमच्यापैकी एकाची सारी नोकरी मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत गेली, दुसरीचा जन्म भाट्याच्या खाडीकाठचा. तरी या बोटीने आम्हांला नव्याने शिकवले ते मोजायला.

सकाळी उठल्यावर पहिली नजर जाते बॅटरीच्या मीटरकडे. आमच्या बॅटऱ्या जुन्या पद्धतीच्या, शिशाच्या. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि अर्ध्याखाली वरचेवर नेली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. रात्रभरात सगळ्यांत जास्त वीज खातो तो फ्रिज. दिवसा सोलर पॅनेल ती भरून काढतात. दोन दिवस सलग ढगाळ गेले की फ्रिज बंद, आतले मासे सगळे कढईत, आणि दोन दिवस आमच्याकडे दावत. शेजारच्या बोटींनाही बोलावतो, कारण दुसरा इलाजच नसतो.

त्यानंतर पाणी. दोन टाक्या मिळून ३८० लिटर. आम्ही दोघे मिळून दिवसाला वीस लिटर वापरतो, म्हणजे एकोणीस दिवस. मुंबईच्या घरात एकट्या माणसाच्या आंघोळीला जेवढे लागते तेवढ्यात इथे दोन माणसांचा स्वयंपाक, पिणे, भांडी आणि अंग धुणे होते. समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारी यंत्रे मिळतात, पण ती महाग आणि विजेची भुकेली, म्हणून आमच्याकडे नाही. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि शेवटी फवाऱ्याच्या बाटलीने गोडे पाणी मारायचे. आंघोळ म्हणजे समुद्रात उडी आणि वर आल्यावर दोन लिटर गोडे पाणी अंगावर. वजूला समुद्राचे पाणी चालते, ती एक मोठी सोय आहे. पण कपड्यांशी मात्र तडजोड नाही. खाऱ्या पाण्याने धुतलेला कपडा कधी पुरता वाळतच नाही. मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि संध्याकाळी सदरा पुन्हा दमट. शेवटचे खळबळणे गोड्या पाण्यातच हवे.

पाऊस आला की आम्ही कपडे नाही, बादल्या शोधायला धावतो. डेकवर ताडपत्री बांधलेली आहे, तिच्या खोलगट भागातून नळी टाकीत जाते. पहिली दहा मिनिटे पाणी वाहू द्यायचे, कारण ताडपत्रीवर मीठ असते आणि काही महिन्यांत लालसर धूळही. ही धूळ सहारा वाळवंटातून अटलांटिक ओलांडून येते. पहिल्या वर्षी पांढऱ्या डेकवर तो तांबूस थर बघून आम्ही कुणाच्या बांधकामाचा असेल म्हणून किनाऱ्याकडे बघत होतो.

स्वयंपाकाचे म्हणाल तर शेगडी बिजागऱ्यांवर झुलती आहे, बोट कलली तरी ती सरळ राहते. आमचा खरा आधार प्रेशर कुकर : झाकण घट्ट, काही सांडत नाही, गॅस कमी लागतो. काम झाले की बर्नर बंद करून भागत नाही, सिलिंडरचाच कॉक बंद करावा लागतो. गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात तो दाराखालून बाहेर जाईल. बोट म्हणजे भांडे, तळाशी साचून राहील. त्यामुळे "कॉक बंद केलास?" हे वाक्य आमच्याकडे दिवसातून तीनदा ऐकू येते.

बाजार सेंट जॉर्जेसला, शनिवारी. तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटले, आपण कोकणातच आलो. अळू आहे, त्याच्या भाजीला कॅलालू म्हणतात. जायफळ तर इतके की देशाच्या झेंड्यावरच ते काढलेले आहे. आणि नीरफणस! इथे त्याला ब्रेडफ्रूट म्हणतात. तो मूळचा इथला नाही. कॅप्टन ब्लाय नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७९३ साली पॅसिफिकमधल्या ताहितीहून त्याची रोपे जहाजाने शेजारच्या सेंट व्हिन्सेंटला आणली. मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायचे, हा हेतू. आज तोच फणस इथल्या प्रत्येक परसात आहे आणि लोक तो अख्खा निखाऱ्यावर भाजून खातात. आम्ही त्याची कापे करतो, तिखट-मीठ आणि रवा लावून. इथल्या एका भाजीवाल्या आजींना एकदा डब्यात नेऊन दिली. त्यांनी एक खाल्ले, डबा बंद केला, "बाकीची घरी नेते" म्हणाल्या, आणि डबा परत मिळायला दोन आठवडे लागले.

माशांबाबत कोकणी माणसाला कुणी शिकवू नये अशी आमची समजूत होती. इथे एक गोष्ट शिकावी लागली. प्रवाळाजवळ फिरणारे मोठे मासे, विशेषतः बॅराकुडा, दिसायला झकास, पण त्यांच्यात सिग्वाटेरा नावाचे विष असू शकते. प्रवाळावरच्या सूक्ष्म शेवाळातून ते लहान माशांत, तिथून मोठ्यांत साठत जाते. माशाला काही होत नाही, वास येत नाही, चव बदलत नाही, आणि कितीही शिजवा, ते जात नाही. त्यामुळे गळाला बॅराकुडा लागला की आम्ही त्याला सलाम करून सोडून देतो. खोल पाण्यातला टुना मिळाला तर त्याचे कालवण.

एक गोष्ट वाचकांना आवडेल म्हणून सांगतो. नांगरावरची बोट नेहमी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, आणि इथला वारा बारा महिने पूर्वेकडून, बऱ्याचदा पूर्व-ईशान्येकडून वाहतो. इथून किब्ल्याची दिशाही जवळजवळ तीच, पूर्व-ईशान्य. तुम्ही पश्चिमेला तोंड करता, आम्ही पूर्वेला. बहुतेक दिवशी बोटीचे नाकच दिशा दाखवते, होकायंत्र फक्त खात्रीपुरते.

हा वारा आहे तोवर इथले आयुष्य सुखाचे असते. नांगर टाकल्यावर आम्ही चष्मा लावून पाण्यात उतरतो आणि तो वाळूत नीट रुतला आहे का ते डोळ्यांनी पाहतो. खोलीच्या पाचपट साखळी, वारा जोराचा असला तर सातपट. भरती-ओहोटी इथे फूट-दीड फुटाची, आपल्याकडच्यासारखी होड्या चिखलात बसत नाहीत. एवढे करूनही रात्री वाऱ्याचा आवाज बदलला की आमच्यापैकी एकाला जाग येतेच, आणि दुसरा झोपेतच विचारतो, "धरलाय ना?"

आता जून. अटलांटिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. सगळ्यांत वाईट काळ सप्टेंबरच्या सुरुवातीचे दिवस. मायामीचे वादळ केंद्र १५ मेपासूनच रोजचा अंदाज देऊ लागते. सकाळी खाडीतल्या सगळ्या बोटी रेडिओवर एकमेकांशी बोलतात तेव्हा एरवी कुणाची डिंगी वाहून गेली, कुणाला पंपाचा सुटा भाग हवा, असली बोलणी असतात. आता पहिला विषय आफ्रिकेच्या किनाऱ्याकडून निघालेले ढग. वादळे तिकडूनच, पश्चिमेकडे सरकत येतात. विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम क्षीण असल्याने ती तिथे गरगरू शकत नाहीत. जितके दक्षिणेला तितके सुरक्षित. म्हणून दर वर्षी मे-जूनमध्ये शिडांच्या बोटी रांगेने दक्षिणेकडे येतात. ग्रेनाडा बारा अंशांवर आहे. पूर्वी लोक म्हणत, इथे वादळ येत नाही. ७ सप्टेंबर २००४ला आयव्हन आले. घरांची छपरे गेली, जायफळाची बहुतेक झाडे आडवी झाली, आणि यार्डात जमिनीवर टेकून ठेवलेल्या बोटीही एकमेकींवर कोसळल्या.

आणि मग बेरिल. २०२४च्या जूनच्या अखेरीस, म्हणजे हंगाम जेमतेम सुरू झालेला असताना ते उठले, आणि १ जुलैला ग्रेनाडाच्याच कॅरिआकू बेटावर चौथ्या श्रेणीचे वादळ म्हणून आदळले. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २४० किलोमीटर. दुसऱ्या दिवशी ते पाचव्या श्रेणीला पोचले; इतक्या लवकर त्या श्रेणीला पोचलेले अटलांटिकमधले दुसरे वादळ नोंदीत नाही. समुद्र त्या जूनमध्येच सप्टेंबरइतका तापलेला होता. आम्ही तेव्हा त्रिनिदादला होतो. कॅरिआकूच्या टायरल बेमध्ये खारफुटीची आडोशाची जागा आहे. पिढ्यान्पिढ्या बोटी वादळात तिथे शिरून झाडांना दोर बांधतात. आमच्या ओळखीचे एक वृद्ध जोडपे तिथेच होते. बोट दहा दोरांनी बांधून ते किनाऱ्यावरच्या घरात गेले आणि दोघेही वाचले. हिवाळ्यात आम्ही तिथे गेलो तेव्हा खारफुटीत बोटी अजून एकमेकींवर चढलेल्या होत्या, डोलकाठ्या काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या. त्यांची बोट कुठली हे आम्हांला रंगावरून ओळखावे लागले. त्या काकूंनी आत जाऊन एकच वस्तू मागितली होती, मसाल्याचा डबा. तो सापडला नाही. बेटावरची परिस्थिती याहून वाईट होती. जवळजवळ प्रत्येक घराचे नुकसान झालेले, लोक ताडपत्रीखाली. बोटवाल्यांना निदान जायला दुसरीकडे काहीतरी असते.

यंदा आमच्यात दोन मते पडली. आमच्या विमा कंपनीने हप्ता वाढवला आणि अट घातली, की हंगामात बोट अकरा अंशांच्या दक्षिणेला असेल तरच वादळाची भरपाई. म्हणजे ग्रेनाडा बाहेर, त्रिनिदाद आत. एकाचे म्हणणे, जाऊ या. ही बोट म्हणजे प्रॉव्हिडंट फंड आणि वडिलोपार्जित जमिनीचा हिस्सा. ती गेली तर या वयात दुसरी नाही आणि गावातही डोक्यावर स्वतःचे छप्पर नाही. दुसरीचे म्हणणे, थांबू या. त्रिनिदादपर्यंत ऐंशी सागरी मैल, रात्रीचा प्रवास, पलीकडे व्हेनेझुएलाचा किनारा. त्या पट्ट्यात बोटी लुटल्याच्या घटना घडलेल्या आहेत. सागरी प्रवाह सतत पश्चिमेकडे, म्हणजे नेमका त्याच किनाऱ्याकडे ढकलतो. वादळ येईल की नाही ठाऊक नाही, तो रस्ता मात्र नक्की आहे. हे म्हणणे आम्ही दोघांनीही हलके घेतले नाही. तीन रात्री यावर गेल्या. एका रात्री तर बोलणेच झाले नाही, आणि अडतीस फुटांत अबोला धरणे हे अवघड काम आहे; कुणी कुठे जायचे?

शेवटी तोडगा निघाला तो वेळेचा आणि सोबतीचा. आणखी दोन बोटी जाणार आहेत. तिघे मिळून निघू, त्रिनिदादच्या तटरक्षक दलाला आधी मार्ग आणि वेळ कळवू, आणि सरळ रेषेच्या बरेच पूर्वेकडून जाऊ. दुपारी चार वाजता नांगर उचलायचा. ताशी पाच मैल धरले तर सोळा तास, म्हणजे सकाळी आठपर्यंत उजेडात शागारामास. तिथे बोट पाण्याबाहेर काढू, शिडे उतरवू आणि ऑक्टोबरपर्यंत घरी येऊ.

त्रिनिदादला एक सुख आहे, ते इथे नाही. ३० मे १८४५ रोजी भारतातून पहिले मजूर तिथे उतरले, आणि त्यांच्या वंशजांमुळे आज बाजारात हलाल कोंबडी सहज मिळते, ईदुल्फित्रला सार्वजनिक सुट्टी असते आणि रस्त्याच्या कडेला चण्याची उसळ घातलेली मऊ बडा-रोटी मिळते, तिला डबल्स म्हणतात. पावसाळ्यात मात्र तिथे इतकी बुरशी येते की जाण्याआधी आतला प्रत्येक कप्पा सिरक्याच्या पाण्याने पुसून घ्यावा लागतो. निम्मे कप्पे काल झाले. पुढच्या गुरुवारी वारा पंधरा नॉटच्या आसपास आणि आकाश स्वच्छ असा अंदाज आहे. टाकीत ११० लिटर पाणी आहे, तेवढे पुरे. साखळी वर-खाली करून गंज पाहिला, मार्गाचा कागद भरून ठेवला. गुरुवारचा बेत बदलला तर पुढच्या अंकाचा मजकूर इथूनच येईल.