मधला भाऊ

मोटारीवर लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे प्रथमच कबूल करून टाकतो. माझे सारे आयुष्य मराठीच्या वर्गात फळ्यापुढे गेले. आमच्या घरी जी लहानशी गाडी आहे ती सौभाग्यवती चालवते आणि मी शेजारी बसून सिग्नलचा रंग मोठ्याने सांगतो. म्हणूनच "यंदा दिवाळी अंकाला काय देता?" या प्रश्नावर मी "एका जपानी मोटारीची गोष्ट" असे म्हटले, तेव्हा संपादकमहाशय फोनवर क्षणभर गप्पच झाले. वाचकहो, तुम्हीही झाला असाल. पण थोडा धीर धरा.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी न्यू जर्सीला भाऊकडे गेलो होतो. आम्ही तिघे भाऊ. थोरला दादा, धाकटा मी आणि मधला हा भाऊ. गेली सव्वीस वर्षे तो तिकडे एडिसनला असतो. विमानतळावर तो मला न्यायला आला तो एका करड्या रंगाच्या गाडीतून. तिच्याकडे मी नीट पाहिलेही नाही. बॅगा मागे टाकल्या, आईने दिलेला मेतकुटाचा डबा मांडीवर घेतला आणि पुण्याच्या बातम्या सुरू केल्या. मध्येच भाऊने विचारले, "गाडी कशी वाटली?"

"छान आहे की! बसायला ऐसपैस आहे."

तो नुसता हसला. त्या हसण्याचा अर्थ मला रविवारी कळला.

रविवारी सकाळी सातला भाऊ मला दुकानांसमोरच्या एका मोकळ्या पटांगणात घेऊन गेला. तिथे मोटारवेडे लोक जमतात. हातात कॉफीचे पेले, गाड्यांची बॉनेटे उघडी, आणि आत डोकावणाऱ्यांच्या चेहऱ्यावर बारशाला आलेल्या बायकांचे कौतुक! तिथे मला प्रथम समजले, की भाऊची गाडी म्हणजे २०१३ सालची लेक्सस जी. एस. ३५० आहे, आणि तिच्या नावाने उसासे टाकणारा एक लहानसा पंथच आहे.

या पंथाची पोथी थोडक्यात अशी. लेक्सस हे टोयोटा कंपनीचे श्रीमंत घराणे. १९८९ साली ते अमेरिकेत दोन गाड्या घेऊन उतरले. एल. एस. ही थोरली, मानाची, ई. एस. ही धाकटी, सर्वांच्या लाडाची. १९९३ मध्ये या दोघींच्या मध्ये जी. एस. आली. ऐषआरामाची चार दारांची गाडी, पण वळणावर अंगात येणारी. जर्मनांच्या बी. एम. डब्ल्यू. आणि मर्सिडीजला त्यांच्याच अंगणात गाठावे, ही तिच्यावर सोपवलेली कामगिरी.

एक तरुण मेकॅनिक पहिल्या पिढीची गाडी घेऊन आला होता. तो तावातावाने सांगू लागला, "हिचा आराखडा इटलीच्या जुजारोच्या कारखान्यातला. जपानात ही १९९१ सालीच टोयोटा अ‍ॅरिस्टो या नावाने निघाली. जे दोन टर्बोंचे इंजिन पुढे सुप्रामुळे जगभर गाजले, ते आधी हिच्या पोटात होते! पण सुप्राचे नाव पोराटोरांना पाठ, आणि हिला कोणी ओळखत नाही. बरे, ते इंजिन राहिले जपानात; अमेरिकेला मिळाले बिनटर्बोचे, शांत स्वभावाचे."

एका निवृत्त गृहस्थांची गाडी १९९८ ची होती. तोंडावर चार गोल दिवे, आत आठ सिलिंडरांचे चार लिटरचे इंजिन, ३०० अश्वशक्ती. त्या वर्षी 'मोटर ट्रेंड' मासिकाने परदेशी गाड्यांतली सर्वोत्तम म्हणून हिचाच गौरव केला होता. "गौरव झाला," गृहस्थ म्हणाले, "आणि लोक दुसरी गाडी घ्यायला गेले."

एक परिचारिका बाई जी. एस. एफ. घेऊन आल्या होत्या. ही त्या घराण्यातली पैलवान. पाच लिटर, ४६७ अश्वशक्ती, टर्बो मुळीच नाही. तिच्या वेळचे जर्मन पैलवान साडेपाचशेच्या पुढे गेलेले होते, म्हणून परीक्षकांनी हिला गुण कमी दिले. बाई म्हणाल्या, "आकडे वाचणाऱ्यांनी आकडे वाचावे. मी रात्रपाळीहून घरी जाताना हिचा आवाज ऐकते. माझा शीण जातो."

विरोधी पक्षही हजर होता. बी. एम. डब्ल्यू.वाल्या एका जाड्या तरुणाचे म्हणणे, की गाडी मजबूत आहे, पण रस्ता हाताशी बोलत नाही. पडद्यावरचा बाण हलवायला दिलेली ती दांडी म्हणजे चालकाचा छळ आहे. आणि एवढे पैसे मोजायचे तर बिल्ला शेजाऱ्याला कळायला नको का? शेवटच्या मुद्द्यावर सारे हसले. पण तो कोणी खोडून काढला नाही.

मी भाऊला विचारले, "एवढी चांगली होती, तर चालली का नाही?"

त्याने मला समजेल अशा भाषेत सांगितले. ई. एस.ची पुढची चाके गाडी ओढतातही आणि वळवतातही. म्हणजे तुमच्या कॉलेजातल्यासारखे. ज्याने शिकवायचे त्यानेच फॉर्मही भरायचे. जी. एस.मध्ये जोर मागची चाके लावतात, पुढच्यांनी फक्त वाट धरायची. वळणावर हा फरक हाताला कळतो. पण रोज दूध-भाजी आणायला जाणाऱ्याला वळणाशी काय कर्तव्य? त्याला ई. एस. स्वस्त पडते, मऊ लागते. पुढे तर लोक उंच, जीपसारख्या गाड्यांच्याच मागे लागले. २०११ मध्ये चौथी पिढी मोठ्या उमेदीने आणली. पण ऑगस्ट २०२० मध्ये जी. एस.चे उत्पादन कायमचे थांबले.

मला आमच्या ग्रंथालयाची आठवण झाली. गाइडांची पाने झिजून फाटतात, आणि मूळ पुस्तक कपाटात कोरे करकरीत राहते.

परतताना भाऊ म्हणाला, "पोरे म्हणतात, विकून टाका, उंच गाडी घ्या. दुकानदार जी किंमत सांगतो ती ऐकून हसू येते. असो. मधल्याचे असेच असते रे."

तो सहज बोलून गेला. पण माझ्या छातीत लख्खकन काही हलले.

दोन वर्षांपूर्वी आईचे सहस्रचंद्रदर्शन झाले. दादाने आईची सेवा केली म्हणून सर्वांनी त्याला शाल दिली. आभाराचे भाषण मी केले. लोकांनी डोळे पुसले, माझी पाठ थोपटली. भाऊ तीन दिवसांसाठी आला होता. कार्यालय, आचारी, मांडव, सारी बिले त्याने कोपऱ्यात उभे राहून चुकती केली आणि चौथ्या दिवशी विमानात बसला. माझ्या त्या गाजलेल्या भाषणात त्याचे नाव नव्हते. "आणि इतर आप्तेष्ट" यात तो होता. भाषेचा मास्तर मी. शब्द कोणाला द्यायचे ते मला कळले नाही.

"भाऊ," मी म्हटले, "मला ती वळणाची गंमत दाखव ना."

त्याने माझ्याकडे चमकून पाहिले. मग घरी न जाता त्याने गाडी डेलावेअर नदीच्या काठाकाठाने जाणाऱ्या रस्त्याला लावली. एका बाजूला पाणी, दुसरीकडे दाट झाडी. पहिल्या वळणावर गाडी आत झुकली, आणि पाठीला मागून एक हलका, विश्वासाचा धक्का जाणवला. कोणी तरी मागे उभे राहून आपल्याला पुढे सारीत असावे तसा. मोटारीतले मला अजूनही काही कळत नाही. पण तो धक्का मात्र ओळखीचा वाटला. माझी एम. ए.ची फी कोणी भरली होती, ते मला त्या वळणावर आठवले.

त्या दिवशी मी त्याला काही बोललो नाही. आम्हा भावांत तशी रीत नाही. वहिनींनी विचारले, "इतका वेळ कुठे होतात?" भाऊ म्हणाला, "हा गाडी बघत होता." गाडी विकायचे त्याने अजून ठरवलेले नाही.

पुण्याला परतल्यावर आईला सारे सांगितले. ती वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याने कधी मागितले नाही, म्हणून आपण कोणी दिले नाही. आता हे तू लिहिणार आहेस ना? मग नीट लिही."

नीट लिहिले आहे की नाही, ते वाचकांनी ठरवावे. हा अंक मी एडिसनला पाठवीत आहे.