सोंगट्यांना बसायला पायऱ्या

बुद्धिबळाचा पट बहुतेक मराठी घरांत असतो. तो कुठे ठेवलाय असे विचारले, की मात्र शोधाशोध सुरू होते. कधी तो माळ्यावरच्या बॅगांमागे सापडतो, कधी दिवाणाच्या कप्प्यात. पेटी उघडावी तर सोंगट्या एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, एका घोड्याचा कान उडालेला, आणि मोजायला घेतले तर पांढरी प्यादी सातच. आठव्याची नोकरी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे झाकण करत असते. त्याच घरातल्या काचेच्या शोकेसमध्ये, ज्यातून कधी कुणी चहा प्यायला नाही असा टी-सेट ऐटीत उभा असतो.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टरही झाली. अशा बातमीनंतर घरोघरी पट विकत घेतले जातात, हे चांगलेच. पण विकत घेतलेला पट पेटीत गेला की विस्मरणातही जातो. म्हणून पटाबरोबर एक लाकडी मांडणीही करून घ्यावी. स्वयंपाकघरात भांड्यांना असते तशीच, फक्त सोंगट्यांच्या मापाची. ही सूचना सजावटीची नाही. येता-जाता दिसणारा खेळ खेळला जातो, एवढाच तिचा हिशेब.

या सोंगट्या पाहण्याजोग्या आहेत, हे तर आपण विसरूनच गेलो आहोत. आज जगभर स्पर्धांमध्ये वापरली जाणारी घडण १८४९ मधली. लंडनमध्ये नथॅनिएल कुक यांच्या नावे ती नोंदवली गेली, जॅक्स कंपनीने ती बाजारात आणली आणि त्या काळचा नामांकित खेळाडू हॉवर्ड स्टाँटन याचे नाव तिला चिकटले. त्याआधीच्या कित्येक संचांत वजीर कोणता आणि उंट कोणता, हे कळायला दोनदा बघावे लागे. उंच, निमुळती मोहरी धक्का लागताच आडवी होत. स्टाँटन घडणीने रुंद बूड दिले, आत वजन भरले आणि प्रत्येकाला लांबून ओळखू येईल असे डोके दिले. या घडणीचे लाकडी संच आज अमृतसरमध्ये तयार होऊन जगभर जातात. बॉक्सवुड, शिसम, पडौक ही त्यांची लाकडे. राजा, वजीर, प्यादे हे कातीव काम, म्हणजे लेथवर निघणारे. घोडा मात्र हातानेच कोरावा लागतो. त्याचे कारागीर वेगळे, आणि संच किती भारी हे जाणकार घोड्याच्या आयाळीवरूनच ठरवतात. एवढी मेहनत घेतलेला घोडा आपण पेटीत उलटा टाकतो.

नजरेआड ठेवलेल्या सोंगटीचे काय होऊ शकते, याची एक भारी गोष्ट स्कॉटलंडची आहे. तिथल्या लुईस बेटावर १८३१ मध्ये वॉलरसच्या दातांत कोरलेल्या मध्ययुगीन सोंगट्यांचा साठा सापडला. आज त्यांतल्या बहुतेक ब्रिटिश म्युझियममध्ये आणि काही एडिंबरोत आहेत. एडिंबरोच्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याने १९६४ मध्ये पाच पौंडांना एक छोटा हस्तिदंती दिसणारा शिपाई घेतला. तो घरच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिला. पुढे तज्ज्ञांनी ओळखले, की हा त्याच साठ्यातला हरवलेला मोहरा, आपल्या हत्तीच्या जागी उभा राहणारा. २०१९ मध्ये तो लिलावात ७ लाख ३५ हजार पौंडांना गेला. उंची जेमतेम ८.८ सेंमी. आपल्या ड्रॉवरमध्ये असले घबाड निघणार नाही, हे खरे. पण पन्नासेक वर्षे घरात असलेली वस्तू काय आहे हे घरालाच माहीत नसावे, हे आपल्याकडेही नवे नाही.

आता मांडणीकडे. सुतारकामाची थोडीफार सवय असलेल्या कुणालाही ती एका सुट्टीच्या दिवसात जमते. पहिली चूक बहुतेक जण इथे करतात: गौरी-गणपतीच्या आराशीसारख्या चार पायऱ्या लावतात, खाली पांढरे आणि वर काळे. कागदावर छान दिसते. स्पर्धेच्या मापाचा राजा साधारण साडेनऊ सेंमी उंच असतो आणि प्यादे पाच सेंमी. पायरी चार सेंमीची धरली, तर दुसऱ्या पायरीवरचा पांढरा राजा त्याच्या मागचे काळे प्यादे साफ झाकून टाकतो. त्यापेक्षा दोन पायऱ्यांच्या दोन मांडण्या कराव्यात, एकेका रंगाची एकेक. पुढे प्यादी, मागे मोठी मोहरी. पायरी चार सेंमीची असेल तर प्याद्याच्या डोक्यावरून साडेपाच सेंमीचा हत्तीही साडेचार सेंमी दिसतो. तीच दोन सेंमी ठेवली तर हत्ती निम्माही दिसत नाही.

साहित्य फार नाही. ५० सेंमी लांब आणि १२ सेंमी रुंद अशी एक फळी. तिच्या मागच्या अर्ध्यावर बसणारी, ६ सेंमी रुंद आणि ४ सेंमी जाड अशी तेवढीच लांब पट्टी. ही पट्टी विकत आणायचीही गरज नाही. वाडा पडला की जुन्या सागवानी चौकटी भंगारात निघतात, तीन इंच बाय दोन इंचाच्या. खिळे काढून रंधा मारला की आतून मधासारखे लाकूड निघते, आणि तासून ते मापाला आणता येते. फळी आणि पट्टी चिकटवताना दोन्हींचे रेषे एकाच दिशेने धरायचे, नाहीतर पावसाळ्यात एक फुगते, दुसरे फुगत नाही आणि जोड उकलतो.

प्रत्येक सोंगटीसाठी एक सूत खोल गोल खाच घ्यावी. ती मात्र आपल्या संचाची बुडे मोजूनच. राजाचे बूड चार सेंमीच्या आसपास, प्याद्याचे अडीच-तीन, पण हे संचागणिक बदलते. शिवाय मे महिन्यात चपखल बसणारी खाच जुलैत सोंगटी सोडत नाही, म्हणून सूतभर सैल ठेवलेली बरी. वरून काचकागद आणि लाखेचे पॉलिश, बस्स. उन्हाच्या खिडकीत मात्र ठेवू नये. पडौकचा तांबडा रंग उन्हाने तपकिरी होत जातो.

आणि काच लावू नये. इथे मतभेद होतील. धुळीचे काय, असा प्रश्न येईलच. धुळीला दाढीचा जुना ब्रश पुरतो. काचेला मात्र दार येते, दाराला किल्ली येते, आणि किल्ली कुणाकडे आहे यावर मुलांचा उत्साह विरतो. मांडणी लहान मुलाचा हात पोहोचेल इतक्या खाली असावी. एखादी सोंगटी पडेल, टवका उडेल, तर उडू दे.

शाळांमध्ये तर हे काम कार्यानुभवाच्या तासालाच करता येईल. थर्माकोलची घरे आणि आइस्क्रीमच्या काड्यांच्या होड्या पुष्कळ झाल्या. मुलांना गुण्या धरता यावा, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग हे हाताला कळावे, आणि तास संपला की केलेली वस्तू खेळाच्या खोलीत वापरात राहावी. शाळेला रोकडा फायदाही आहे. सोंगट्या पेटीत टाकल्या की एक गेलेली कुणाच्या लक्षात येत नाही, महिन्याने कळते आणि तोवर शोधायचे कुठे? खाचांच्या मांडणीत रिकामी खाच घंटा वाजायच्या आत दिसते. मुले अजून दाराशीच असतात.

खाचा मात्र एका रंगाला सोळा नव्हे, सतरा कराव्यात. जादा वजिरासाठी एक. चांगल्या संचात तो मिळतोच आणि पेटीच्या तळाशी तोच आधी हरवतो. २०१७ च्या कॅनडा अजिंक्यपद स्पर्धेत विजेता ठरवणाऱ्या झटपट डावात निकोलाय नोरित्सिन याचे प्यादे शेवटच्या घरात पोहोचले. घड्याळात सेकंद उरले होते. पटाशेजारी हाताला वजीर लागेना, कारण मारलेला वजीर प्रतिस्पर्धी बातोर सांबुएव याच्या मुठीत होता. नोरित्सिनने नेहमीच्या सवयीने हत्ती उलटा ठेवला आणि वजीर म्हणून जाहीर केला. पंचांनी डाव थांबवून सांगितले, की हा हत्तीच. तो डाव नोरित्सिन हरला आणि अजिंक्यपद सांबुएवकडे गेले.