अकाली निकामी झालेले इंजिन

हमीची मुदत संपताच मोटारीचे इंजिन निकामी झाले, की विक्रेता मुदतीकडे बोट दाखवितो आणि आमचे शेतकरी बंधू निमूटपणे नव्या इंजिनाची किंमत मोजतात. हे आम्हांस मान्य नाही. मुदत संपल्याने घडणीतील दोष नाहीसा होत नाही. अमेरिकेत २०१५ साली ह्युंदाई कंपनीने सोनाटा जातीच्या सुमारे ४ लक्ष ७० हजार गाड्या परत बोलाविल्या. क्रँकशाफ्ट घडवितांना राहिलेले धातूचे कण बेअरिंगांकडे जाणाऱ्या तेलाची वाट अडविण्याचा त्यांत संभव होता.

अशा वादांत मालकाचा मुख्य आधार म्हणजे वेळेवर तेल बदलल्याच्या पावत्या. (आमच्याकडे त्या बहुधा उंदरांच्या स्वाधीन असतात!) त्यांच्या नकला जोडून थेट कारखानदारास लिहावे व टपालाची पोच जपावी. त्याचा माणूस पाहून जाईपर्यंत इंजिन कोणास उघडू देऊ नये. उकललेल्या इंजिनाचा दोष गावच्या मिस्त्रीच्या माथी मारणे फार सोपे. अर्धा खर्च सोसण्यास कारखानदार राजी झाला, तर तडजोड अव्हेरू नये. नच ऐकल्यास, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांचे आंत तक्रार करता येते. केवळ स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वतः राबून भाजीपाला वाहण्यास घेतलेली गाडीही या कायद्याच्या कक्षेत येते.