सारखा पेहराव, वेगळी चाल

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात पांढरे नुकरे ओळीने उभे राहतात. नवख्याला सगळे सारखेच दिसतात. जाणकार मात्र दात, भोवरे आणि चाल पाहिल्याशिवाय सौदा करत नाही. कॉमिक्समधले महानायकही असेच पारखावेत, म्हणून हा अंक.

१९३८ साली सुपरमॅन आला आणि प्रचंड खपला. लगेच फॉसेट या प्रतिस्पर्धी प्रकाशकाने कॅप्टन मार्व्हल उतरवला. तोही बलदंड, खांद्यावर केप घेतलेला. १९४१ मध्ये सुपरमॅनच्या प्रकाशकाने नक्कल केल्याचा दावा लावला. १९५३ मध्ये फॉसेटने तडजोडीची रक्कम भरून आपला नायक बंद केला. आणि १९७३ मध्ये दावा लावणाऱ्या त्याच कंपनीने, डीसीने, त्याला पुन्हा छापले! आमच्या मते ती निव्वळ नक्कल नव्हतीच. बिली बॅटसन हा अनाथ पोरगा ‘शझॅम’ म्हणताच महाबली होतो. मुलांच्या मनातली ही इच्छा सुपरमॅनच्या कथेत कुठे होती?

आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्सने परदेशी वेताळ मराठी घरांत आणला, पण १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूरही दिला. शहादा-नंदुरबारच्या मुलांनो, तापीकाठचा तुमचा नायक रेखाटा आणि आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात जागा राखून ठेवली आहे.