पीएच्. डी.चा गुरु पारखून घ्या

भोर-वेल्हे भागांतील शेतकरी, कुंभार, सुतार, लोहार यांच्या घरचीं मुलें एम. ए., एम. एस्सी. होऊं लागलीं, ही आनंदाची गोष्ट होय. आतां त्यांतलीं कांहीं पीएच्. डी. करूं म्हणतात. ही डॉक्टरी दवाखान्यांतली नव्हे. एखाद्या विषयाचा स्वतः शोध करावयाचा, आजवर कोणीं न सांगितलेलें कांहीं पुराव्यानिशीं मांडावयाचें, आणि तें परीक्षकांपुढें टिकवावयाचें, तेव्हां ही पदवी पदरांत पडते. यास निदान तीन वर्षें लागतात, आणि सहा वर्षांत काम पुरें व्हावें असा नियम आहे. इतका काळ ज्याच्या हाताखालीं काढावयाचा तो मार्गदर्शक, ज्यास मुलें ‘गाईड’ म्हणतात, तो कसा पाहावा याविषयीं आमच्या घरांत कोणी चकार शब्द बोलत नाहीं.

आम्ही खेड्यांतले मास्तर. आमचें शिक्षण अध्यापक विद्यालयापुरतें. पण आमच्या हाताखालून गेलेलीं मुलें सुटींत भेटतात आणि एकच कहाणी सांगतात. एक प्राध्यापक म्हणतो जागा नाहीं, दुसरा म्हणतो पुढल्या वर्षीं या, तिसरा म्हणतो विषय बदला. एस. टी.च्या भाड्यानें बाप मेटाकुटीस येतो, आणि मुलगा शेवटीं जो ‘हो’ म्हणेल त्याच्या पायां पडतो. येथेंच घात होतो. अहो, बाजारांत बैल घेतांना आपण दांत पाहतों, चालवून पाहतों, मागच्या धन्यास गांठून बैल मारका आहे कीं काय हें विचारतों. मग मुलाचीं सहा वर्षें ज्याच्या हवालीं करावयाचीं त्याची चौकशी करण्यांत कसला आला अपमान? गुरूस बैलाची उपमा दिली म्हणून विद्वानांनीं रागावूं नये. आमच्या घरांत बैलाची किंमत मोठी आहे.

जागा नाहीं हें पुष्कळ वेळां खरेंच असतें. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ सालच्या नियमांप्रमाणें प्राध्यापकास एका वेळीं ८, सहयोगी प्राध्यापकास ६ व सहायक प्राध्यापकास ४ विद्यार्थी घेतां येतात. शिवाय गाईड कायम नोकरींतलाच लागतो. तासावर राबणारा अध्यापक कितीहि विद्वान असला तरी त्यास तो अधिकार नाहीं. महाराष्ट्रांत वर्षानुवर्षें कायमच्या जागा रिकाम्या ठेवून तासिकांवर काम भागविलें जातें, त्याचा फटका तो असा. सरकार पैसा वांचवितें आणि वेल्ह्याच्या मुलाचें दार बंद होतें. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत खऱ्या. पण गाईड नाहीं तर नोंदणी नाहीं, आणि नोंदणी नाहीं तर छदामहि नाहीं. त्यांत भर म्हणजे नेट परीक्षेचे जे गुण निव्वळ पीएच्. डी.च्या प्रवेशासाठीं धरले जातात ते वर्षभरच चालतात. गाईड शोधण्यांत वर्ष गेलें कीं परीक्षा पुन्हां.

म्हणून परीक्षेच्या आधींच शोधास लागावें. प्रत्येक विद्यापीठानें आपल्या गाईडांचीं नांवें आणि त्यांच्या हाताखालचे विद्यार्थी यांची यादी संकेतस्थळावर ठेवावी व दरसाल ताजी करावी असा नियमच आहे. तालुक्याच्या गांवीं बसूनहि ती पाहतां येते. कोणाकडे किती विद्यार्थी आहेत तें मोजलें कीं जागा आहे कीं नाहीं हें कळतें. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी काळ उरला असेल त्यास नवा विद्यार्थी घेतां येत नाहीं, तेव्हां तेंहि पाहावें. मग त्या गृहस्थानें लिहिलेले दोन-तीन लेख वाचावे, आणि आपणांस काय शोधावयाचें आहे तें एका पानांत लिहून पाठवावें. नारळ-शाल घेऊन दारांत उभें राहण्याची किंवा इंद्रायणीचें पोतें पोंचविण्याची गरज नाहीं; ज्यास पत्रापेक्षां पोतें प्रिय तो गाईड नकोच. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांस भेटावें, आणि जे मध्येंच सोडून गेले त्यांस तर आधीं गांठावें.

‘आपल्या जातीचा पाहा, सांभाळून घेईल,’ असा सल्ला गांवोगांवचे शहाणे देतात. आम्हांस तो पटत नाहीं. आडनांव ऐकून दार लावणारे आजहि आहेत, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण सांभाळून घेणारा आणि शिकविणारा हे दोन निराळे. १९१३ सालीं सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेंत कोलंबिया विद्यापीठांत गेले, तेथें त्यांस सेलिग्मन हे अध्यापक लाभले. पुढें लंडनांत एडविन कॅनन. रुपयाच्या प्रश्नावरील आंबेडकरांचा ग्रंथ १९२३ सालीं निघाला. त्यास कॅननसाहेबांनीं प्रस्तावना लिहिली, आणि चलनपद्धतीविरुद्धचे शिष्याचे बहुतेक मुद्दे आपणांस मान्य नाहींत असें तींत उघड सांगून त्याच्या विचारांतील ताजेपणाची वाखाणणीहि केली. न पटणारें मत शिष्यास मांडूं देणारा हा गुरु! तो कोणत्या जातीचा होता?

आतां आमच्या मावळांतलेंच उदाहरण घ्या. भाताचें रोप टाकण्यापूर्वीं आपण शेण, कवळ, पालापाचोळा पसरून जमीन भाजतों, त्यास राब म्हणतों. समजा, एखाद्या मुलानें याच राबाचा शोध घ्यावयाचें मनांत आणलें. एक गाईड म्हणेल, हा कसला विषय, माझ्याकडे तयार विषय आहेत त्यांतला उचल. दुसरा म्हणेल, राब मीं कधीं पाहिला नाहीं, पण माती तपासण्याची विद्या मला येते; चैत्रांत तुझ्या गांवीं येतों, दाखव. हा दुसरा धरावा, मग तो मोठ्या नांवाचा नसला तरी चालेल. शेतीची बाजू त्यास कमी पडली तर सहमार्गदर्शक जोडून घेण्याची सोय आहे. पहिल्याकडे मुलगा सहा वर्षें दुसऱ्याचें रान नांगरील, आणि घरचें ज्ञान घरींच मरेल.

गाईडानें प्रबंधावर सही करण्यासाठीं पैसे मागितल्याच्या बातम्या आपल्याकडे छापून आल्या आहेत. असा प्रसंग आला तर दागिने मोडूं नका. लाचलुचपत प्रतिबंधक खात्याचा दूरध्वनी १०६४ आहे.

मुलींच्या आईबापांस एक वेगळें सांगणें आहे. लग्न होईल आणि शिक्षण अर्धवट राहील, या भीतीनें पुष्कळजण मुलीस एम. ए.वरच थांबवितात. पण लग्नामुळें मुलगी दुसऱ्या गांवीं गेली तर तिचें संशोधन तिकडच्या विद्यापीठांत नेतां येतें, तिला सहा वर्षांवर वाढीव मुदत मिळते, आणि बाळंतपणासाठीं २४० दिवसांपर्यंत रजाहि आहे. फक्त गाईड पाहतांना, असें स्थलांतर झालें तर आपण आडवे येणार नाहीं ना, हें त्यास विचारून ठेवावें. आणि सोयरिकीची बोलणीं होतील तेव्हां मुलाकडच्यांसहि हें बैठकींतच सांगून टाकावें.