धागा : ‘आता ते पूर्वीचे राहिले नाही’ या तक्रारीचा इतिहास. प्रकरण ‘डॉक्टर हू’चे

डिसेंबर १९८६. बीबीसीच्या ‘ओपन एअर’ या चर्चेच्या कार्यक्रमात लिव्हरपूलचे काही तरुण चाहते सहभागी झाले आहेत. विषय आहे ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेचे नुकतेच संपलेले १४ भागांचे पर्व. पिप आणि जेन बेकर हे लेखक दांपत्य उत्तरे द्यायला हजर आहे. चाहत्यांमधला १६ वर्षांचा एक मुलगा शांतपणे, पण कसलीही भीड न बाळगता सांगतो की लेखन साचेबद्ध होते आणि याहून पुष्कळ चांगले होऊ शकले असते.

त्या मुलाचे नाव ख्रिस चिबनॉल. २०१८ मध्ये याच मालिकेची सर्व सूत्रे त्याच्या हाती आली. आणखी दोन वर्षांनी जगभरचे चाहते त्याच्याविषयी जवळजवळ तेच बोलू लागले, जे तो बेकर दांपत्याविषयी बोलला होता.

ही चित्रफीत समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरते आणि लोक हसतात. हसू येणे स्वाभाविकच आहे. परंतु ‘ऱ्हास’ हा शब्द इतिहासात किती जपून वापरावा, हे शिकवणारे इतके सुटसुटीत उदाहरण क्वचितच सापडेल. धागा लांब आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. ‘डॉक्टर हू’चा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, प्रक्षेपित झाला. (या पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन हे मूळचे लखनौचे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.) पोलिसांच्या निळ्या पेटीतून काळात आणि अवकाशात हिंडणारा एक गूढ वृद्ध, ही मूळ कल्पना. १९६६ मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा निर्मात्यांनी एक अफलातून तोड काढली : डॉक्टर मरणपंथाला लागला की त्याचा कायापालट होतो. चेहरा नवा, स्वभाव नवा, माणूस तोच.

या एका युक्तीने मालिकेला दीर्घायुष्य दिले आणि तक्रारीचे बीजही तिनेच पेरले. ज्याच्यावर जीव जडला तो डॉक्टर तीन-चार वर्षांनी कथेच्या नियमानुसारच हिरावून घेतला जातो आणि त्याच नावाने दुसरा कोणी समोर उभा राहतो. ‘आमच्या वेळचा डॉक्टर’ हा शब्दप्रयोग ब्रिटनमध्ये पिढ्यांची ओळख सांगण्यासाठी वापरला जातो, तो उगाच नव्हे.

आता १९७६ कडे वळू. टॉम बेकर यांचा काळ ऐन भरात होता. पुढच्या सर्व पिढ्यांनी ज्याला सुवर्णयुग म्हटले, तोच हा काळ. त्या वर्षी रॉबर्ट होम्स यांनी लिहिलेली ‘द डेडली असॅसिन’ ही कथा आली. डॉक्टर ज्या कुळातला, ते टाइम लॉर्ड तोवर देवतुल्य, अगम्य वाटत असत. होम्स यांनी त्यांना सत्तेच्या खुर्च्यांना चिकटलेले, गुडघेदुखीने बेजार झालेले म्हातारे राजकारणी म्हणून दाखवले. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘डॉक्टर हू अप्रिसिएशन सोसायटी’च्या अध्यक्षांनी संस्थेच्या नियतकालिकात तिच्यावर सणसणीत टीका केली. मालिकेची जादू गेली, स्थापित इतिहासाची मोडतोड झाली, असा तिचा आशय होता.

थोडक्यात, सुवर्णयुग चालू असताना त्याचे सर्वांत निष्ठावंत प्रेक्षक ऱ्हासाचा शोक करत होते.

आणि पुढे काय झाले? टाइम लॉर्डला बाराच वेळा कायापालट करता येतो, हा नियम याच कथेने घालून दिला. पुढच्या कित्येक कथा त्यावर उभ्या राहिल्या. २०१३ चा नाताळचा खास भाग तर सगळा याच नियमाभोवती फिरतो. २०२० मध्ये चिबनॉल यांनी ‘द टाइमलेस चिल्ड्रन’ या भागात डॉक्टरला अगणित विस्मृत पूर्वायुष्ये बहाल केली, तेव्हा चाहते खवळले, कारण स्थापित इतिहास मोडला गेला होता. जो इतिहास मोडला, त्याचा मोठा हिस्सा १९७६ च्या त्या ‘पाखंडा’ने रचलेला होता. ४४ वर्षांत पाखंडाची पोथी झाली होती.

असे का होते? मराठी इतिहासलेखनातला एक जुना वाद येथे उपयोगी पडतो : बखर आणि अस्सल कागद. बखर घटनेनंतर पुष्कळ काळाने, आठवणीतून आणि ऐकीव माहितीतून सिद्ध होते. ती खोटी असतेच असे नाही, पण लिहिली जाते त्या काळाच्या गरजा तिच्यात उतरतात.

१९७६ चा ब्रिटिश चाहता बखरीच्याच जगात राहत होता. जुने भाग सहसा पुन्हा दाखवले जात नसत. मालिकेची पहिली व्हिडिओ कॅसेट बाजारात आली ती १९८३ मध्ये. त्याआधी हाताशी होत्या त्या १९७३ पासून निघू लागलेल्या ‘टार्गेट’ प्रकाशनाच्या कादंबऱ्या. टेरन्स डिक्स यांनी एकट्याने त्यांतल्या साठाहून अधिक लिहिल्या. कादंबरीत पुठ्ठ्याच्या भिंती हलत नाहीत, राक्षसाच्या पाठीवरची चेन दिसत नाही. लहानपणी पाहिलेले आणि नंतर वाचलेले असे मनात एकजीव होई आणि त्या स्मृतिचित्राशी या शनिवारी दूरदर्शन संचावर दिसणाऱ्या गोष्टीची तुलना होई. त्या तुलनेत शनिवार हरणारच होता.

अस्सल कागद तपासायची सोय तरी होती का? फारशी नव्हती. बीबीसीने १९६७ ते १९७८ या काळात साठच्या दशकातले भाग मोठ्या प्रमाणावर पुसून किंवा टाकून दिले. टेप महाग होती, पुनःप्रक्षेपणाचे करार संपले होते आणि कृष्णधवल कार्यक्रमांना गिऱ्हाईक उरले नव्हते. पहिल्या सहा वर्षांच्या २५३ भागांपैकी, २०१३ मध्ये नायजेरियातून सापडलेले नऊ भाग जमेस धरूनही, तेव्हा ९७ भाग बेपत्ता होते. या सर्व भागांचा ध्वनी मात्र शिल्लक आहे, कारण घरोघरच्या मुलांनी टेपरेकॉर्डर संचाजवळ ठेवून तो मुद्रित केला होता. संस्थेने जे टाकून दिले ते चाहत्यांनी राखले.

हरवलेले भाग परत आले, तेव्हा बखरीची परीक्षा झाली. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ (१९६७) ही कथा दोन दशके दंतकथा बनून राहिली होती. ती हाँगकाँगहून परत आली आणि १९९२ मध्ये तिची कॅसेट निघाली. विक्री तुफान झाली. पण पडद्यावर वर ओढणाऱ्या तारा दिसत होत्या, झुंजीत सायबरमॅनऐवजी रिकामा पोशाख फेकला जात होता. अनेकांना ती तरीही आवडली, परंतु दंतकथेचे तेज उतरले. उलट ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ (१९६७-६८) हिच्या सहा भागांपैकी एकच भाग शिल्लक होता आणि त्यावरून ती कंटाळवाणी ठरली होती. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जॉस शहरातून उरलेले पाच भाग आले. पॅट्रिक ट्राउटन यांनी डॉक्टर आणि खलनायक अशा दोन्ही भूमिका केलेली ती कथा एकाएकी उत्कृष्टांच्या यादीत गणली जाऊ लागली. आठवण दोन्ही दिशांनी चुकली होती.

१९८० ते १९८९ या काळात निर्माता असलेला जॉन नेथन-टर्नर चाहत्यांना हेच ऐकवत असे, की स्मरणशक्ती दगा देते. त्याचे म्हणणे खरे होते. पण तो त्याचा ढालीसारखा उपयोग करत होता. स्मृती फसवी आहे म्हणून वर्तमान निर्दोष ठरत नाही. १९८५ नंतरची घसरण कोणाच्या कल्पनेतली नव्हती.

फेब्रुवारी १९८५ मध्ये बीबीसी वनचे नियंत्रक मायकेल ग्रेड यांच्या कारकिर्दीत मालिका दीड वर्ष थांबवल्याचे जाहीर झाले. चाहत्यांनी ‘डॉक्टर इन डिस्ट्रेस’ नावाचे एक गाणे काढले. (ते ऐकवत नाही, हे मालिकेचे कट्टर भक्तही मान्य करतात. वाद्यवृंदात तरुण हान्स झिमर होते, ही एक गंमत.) मालिका १९८६ मध्ये परतली, पण आतून पोखरलेली. शेवट लिहिणारे रॉबर्ट होम्स मे महिन्यात वारले. पटकथा संपादक एरिक सॅवर्ड निर्मात्याशी भांडून बाहेर पडला आणि त्याने आपला शेवटचा भाग मागे घेतला. बेकर दांपत्याला तो भाग काही दिवसांत नव्याने लिहायचा होता. आधीच्या संहितेत काय होते, हे त्यांना कायदेशीर कारणास्तव सांगताही येत नव्हते.

‘ओपन एअर’मधल्या त्या मुलाला यातले काही ठाऊक नव्हते. निकालाविषयी तो चुकला नव्हता. त्याने आरोपी मात्र चुकीचे निवडले होते. चाहत्यांच्या निराशेचा हा नेहमीचा दोष आहे : दोष पडद्यावर दिसतो, म्हणून तो पडद्यावर नाव झळकणाऱ्याचाच असणार, असे गृहीत धरले जाते. वेळापत्रक, पैसा, वरिष्ठांची अनिच्छा या गोष्टी श्रेयनामावलीत येत नाहीत.

‘ऱ्हास’ ही सरळ उतरती रेषा असते, हा समजही तपासण्यासारखा आहे. २००९ मध्ये ‘डॉक्टर हू मॅगझीन’ने तोवरच्या २०० कथांवर वाचकांचा कौल घेतला. पहिली आली ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’. शेवटची, म्हणजे दोनशेवी, ‘द ट्विन डायलेमा’. दोन्ही मार्च १९८४ मधल्या. पहिली संपली आणि पुढच्याच आठवड्यात दुसरी सुरू झाली. निर्माता तोच, पटकथा संपादक तोच, पर्व तेच. कोणत्या रेषेवर हे दोन बिंदू बसवायचे?

आता आकड्यांचे पाहू. १९७९ मध्ये ‘सिटी ऑफ डेथ’चा शेवटचा भाग १ कोटी ६० लाखांनी पाहिला. त्या वेळी प्रतिस्पर्धी आयटीव्ही संपामुळे बंद होती, हे खरेच. १९८६ मध्ये सरासरी ५० लाखांच्या खाली आली. १९८९ मध्ये मालिका ‘कोरोनेशन स्ट्रीट’ या अजस्र लोकप्रिय मालिकेसमोर लावली गेली, तेव्हा एका भागाला ३१ लाखच प्रेक्षक लाभले. हे जे लाखो लोक गेले, त्यांनी पत्रे लिहिली नाहीत, गाणी काढली नाहीत, स्टुडिओत येऊन लेखकांना जाब विचारला नाही. ते मुकाट्याने दुसरी वाहिनी लावून बसले. निराश चाहता म्हणजे जो उरला तो. वाहिनीने आणि निर्मात्याने त्याच्या आरडाओरड्याला ऱ्हासाचे लक्षण मानले, किंबहुना कधी कधी कारणही मानले. १९८८ च्या एका कथेत तर चष्मा लावलेला, जुने दिवस स्वतः न पाहताही पूर्वीची मजा उरली नाही असे ठामपणे सांगणारा एक भक्त रंगवून त्याला मारूनच टाकले. विनोद झकास होता. पण ज्या घरातली माणसे एकेक करून निघून चालली आहेत, त्या घराने उरलेल्यांची थट्टा करावी, हे शहाणपणाचे खचितच नव्हते.

६ डिसेंबर १९८९ रोजी मालिका थांबली. पुढची १६ वर्षे, १९९६ चा एक दूरचित्रपट वगळता, तिचा संसार याच उरलेल्यांनी चालवला. १९९१ पासून ‘व्हर्जिन’ने मूळ कादंबऱ्या काढल्या. मार्क गेटिस यांची एक १९९२ ची, रसेल टी. डेव्हिस यांची एक १९९६ ची. याच डेव्हिस यांनी २६ मार्च २००५ रोजी मालिका पुन्हा उभी केली आणि पहिल्याच भागाला एक कोटीहून अधिक प्रेक्षक मिळवले. डॉक्टरची भूमिका करणारे डेव्हिड टेनंट आणि पीटर कपाल्डी हेही लहानपणापासूनचे भक्त. चिबनॉल याच परंपरेतले. त्यांचा काळ सर्वांना रुचला नाही आणि त्या नाराजीतला काही भाग रास्तच होता. पहिल्या स्त्री डॉक्टरविषयीच्या निव्वळ आकसाने जो भाग बोलत होता, तो वेगळा काढावा लागेल. संवादांतून कथा समजावून सांगण्याची त्यांची सवय मात्र खरोखरच जड वाटे. १९८६ च्या त्या मुलाने ती नक्की हेरली असती.

ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्नेबरोबरची भागीदारी संपल्याचे बीबीसीने जाहीर केले आणि ‘आता संपले’ असे पुन्हा लिहिले जाऊ लागले. असेलही. अशा प्रत्येक लेखावर तारीख घालून ठेवावी, लिहिणाऱ्याचा पहिला डॉक्टर कोणता होता हे शेजारी टिपावे आणि नेमके काय बिघडले असे तो म्हणतो, ते शब्दशः जपावे. पुढच्या संशोधकाला ते अस्सल साधन ठरेल.

जाता जाता जतनाविषयी एक नोंद. १९६६ चा ज्या भागात पहिल्यांदा कायापालट झाला, तो ‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा भाग बीबीसीजवळ नाही. मुलांच्या एका कार्यक्रमात दाखवल्यामुळे त्यातला अखेरचा तुकडा तेवढा वाचला. ‘ओपन एअर’मधली तक्रार मात्र बीबीसीने सुखरूप ठेवली आणि पुढे त्याच पर्वाच्या डीव्हीडीवर प्रसिद्धही केली.